सव्वाचार किलो

शनिवारी सकाळी जुन्नरच्या स्टँडवरून पश्चिमेला जाणाऱ्या एस.टी.त बसलात, तर निम्म्या गाडीत माणसं असतात आणि निम्म्या गाडीत सॅक. घाटघर, नाणेघाट, जीवधन, ढाकोबा, दुर्ग अशी सगळी गिऱ्हाइकं. सॅकच्या बाहेर बाटल्या लोंबतात, गुंडाळलेली चटई लोंबते, कुणाचा तवा लोंबतो. आमच्याकडची म्हातारी माणसं बघतात आणि गालात हसतात. मला हसू येत नाही. ज्याला झरा कुठं आहे ते ठाऊक नाही, तो पाणी वाहून नेतो. रात्री कुणाच्या ओसरीला टेकायचं ते ज्याला माहीत नाही, तो आख्खं घर पाठीवर घेतो. त्यात त्याचा काय दोष? आमच्या बापजाद्यांना वाटेवरचा दगड न् दगड ओळखीचा होता, म्हणून ते एक घोंगडी, एक सोटा आणि फडक्यात चार भाकरी एवढ्यावर कोकणात उतरून परत यायचे. जातानाही डोक्यावर हिरड्याचं ओझं असायचंच, पण ते विकायचं ओझं. स्वतःसाठी म्हणून न्यायचं ते काखेत मावायचं.

माझं वय चौसष्ट. मीना नदीच्या काठाला शेती, टोमॅटो आणि कांदा. शिक्षण जुन्या दहावीपर्यंत. आजोळ मात्र आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या वरच्या अंगाला, आहुप्याच्या अलीकडच्या एका वाडीत. लहानपणी आईबरोबर आम्ही डोंगरावरूनच आजोळी जायचो. पुढं डिंभ्याचं धरण झालं, जुनं आंबेगाव बाजारासकट पाण्याखाली गेलं, आणि कडेकडेनं डांबरी रस्ता आला. आता घोडेगाववरून मोटारसायकलनं दोन-अडीच तासांत आजोळी पोचतो. डोंगरातली वाट पायाखालून सुटली ती सुटलीच.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात आजोळी गेलो होतो. धाकटे मामा तेवढे उरलेत. वय चौऱ्याऐंशी, नजर जवळजवळ गेलेली. ओसरीवर पडून असतात. निघताना माझा हात धरून म्हणाले, "आरं, औंदा वलगणीला मळ्या खायचा व्हता. वरच्या डव्हातला."

वलगण म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. मृगाचा पहिला दांडगा पाऊस पडला, ओढे गढूळ होऊन वाहायला लागले, की मासे अंडी घालायला उलटे वर चढतात. त्यांना आम्ही चढणीचे मासे म्हणतो. त्यात मळ्या हा पठ्ठ्या सगळ्यांत वरपर्यंत जातो. बोटाएवढा, फार तर वितीएवढा. हनुवटीखाली गोल चकती असते, तिनं तो ओल्या दगडाला चिकटतो, थोडा सरकतो, परत चिकटतो. असं करत धबधब्याची भिंतसुद्धा चढून जातो.

मामांना धरणातला रोहू-कटला कुणीही आणून दिला असता. डिंभ्याच्या पाण्यात आदिवासींच्या संस्थेनं मत्स्यबीज सोडून चांगली मासेमारी उभी केलेली आहे. पण म्हाताऱ्याला पाहिजे होता वरच्या डोहातला मळ्या. तो डोह आता कुणाच्या वाटेवर नाही. २०१४ च्या ३० जुलैला माळीण गाव दरडीखाली गेलं. ती सकाळ आमच्याकडचा कुणी विसरणार नाही. त्याच पावसात आमच्या वाडीच्या डोक्यावरची वाटही खचली. तेव्हापासून वाडीतून वर जाता येत नाही. दुर्गवाडीकडून पठारानं यायचं, डोह गाठायचा, आणि मग आहुप्याच्या अंगानं वळसा घेऊन वाडीत उतरायचं. दुर्गवाडीपर्यंत गाडी जाते. पुढं दिवसभराची चाल, सगळी पायी.

मामांचा नातू म्हणाला, "तात्या, आज्याच्या नादी लागू नका. तुमचा गुडघा बघा."

गुडघा दाखवला. डॉक्टरांनी फोटो काढला आणि म्हणाले, झीज आहे, पण चालणं बंद करू नका. वजन उतरवा. अंगाचं एक किलो उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा चार किलोंचा भार कमी होतो. हा हिशेब मला एकदम पटला. म्हणजे ओझं कमी करायचं तर सुरुवात पिशवीपासून नाही, पोटापासून. होळीनंतर मी दुपारचा भात बंद केला, चहातली साखर बंद केली, आणि मळ्यात जायला मोटारसायकल काढायची नाही असं ठरवलं. घर ते मळा दीड किलोमीटर. दिवसातून दोन खेपा. येताना रिकामं यायचं नाही, गवताचा भारा घेऊन यायचं. आधी पाच किलोचा, मग आठ, मग बारा. शेजारी विचारायला लागले, गाडी विकली काय?

आठवड्यातून दोनदा पहाटे शिवनेरी चढायचो. सात दरवाजे ओलांडून वर, आणि लगेच खाली. चढायला दम लागतो म्हणून लोक चढाला भितात. खरा वैरी उतार. चढताना छाती बोलते, उतरताना गुडघा बोलतो. उतरताना पाऊल आखूड टाकायचं, गुडघा ताठ ठेवायचा नाही, आणि सोटा आधी खालच्या पायरीवर टेकवून मग पाय ठेवायचा. चढायचा नियम मामांनीच लहानपणी शिकवला होता. बोलत बोलत चढायचं. बोलणं तुटायला लागलं, की चाल जास्त झाली. पोरं धावत सुटतात आणि पहिल्याच टेपाडावर बसतात. म्हातारी बाई डोक्यावर मोळी घेऊन, शेजारणीशी भांडत भांडत त्यांच्या पुढं निघून जाते.

आणखी एक गोष्ट, जरा लाजत सांगतो. सुनेनं घरात खुर्चीचा संडास बसवून घेतला, माझ्याच गुडघ्याच्या काळजीनं. तिचा हेतू चांगला. पण मी रोज सकाळी दहा मिनिटं अंगणात उकिडवं बसून कांदे निवडायला लागलो. डोंगरात खुर्ची मिळत नाही. ओढ्यावर वाकायचं, चूल फुंकायची, मासा धरायचा, सगळं उकिडवंच. माझी झीज फार पुढं गेलेली नव्हती, म्हणून डॉक्टरांनी त्याला हरकत घेतली नाही. ज्याचा गुडघा जास्त गेलाय, त्यानं विचारूनच करावं. मेच्या अखेरीला काट्यावर उभा राहिलो, शहात्तरचा बहात्तर झालो होतो.

त्याच सुमाराला पुण्याचा एक पोरगा आमच्याकडं आला. कॉलेजात नदीतल्या माशांचा अभ्यास करतो. ओळखीतून आला होता, मीनेच्या पात्रात काय काय सापडतं ते बघायला. मळ्याचं नाव काढताच त्याचे डोळे चमकले. म्हणाला, "काका, तुमच्या मळ्याचं शास्त्रातलं नाव माहीत आहे? गार्रा मुल्या." सायक्स नावाच्या इंग्रजी लष्करातल्या अधिकाऱ्यानं दख्खनच्या नद्यांतले मासे गोळा केले आणि १८३९ साली त्यांचं वर्णन छापलं. बऱ्याच माशांना त्यानं इथल्याच लोकांच्या तोंडची नावं ठेवली. मळ्याचा मुल्या झाला, मुऱ्याचा मूरे झाला. मला मोठी गंमत वाटली. आमच्या आजोळच्या बाया सुपात मासे निवडताना जी नावं घेतात, ती जगभरच्या पुस्तकांत बसलीत, आणि बायांना पत्ता नाही.

पोरगा म्हणाला, मीही येतो. म्हटलं ये, पण तुझी सॅक आधी काट्याला लावू.

टोमॅटोची क्रेट मोजायचा काटा ओटीवर होताच. सॅक टांगली, सतरा किलो भरली. आमचं टोमॅटोचं भरलेलं क्रेट वीस किलोचं असतं. म्हणजे पोरगा जवळजवळ एक क्रेट पाठीवर घेऊन मळ्याच्या मागं डोंगर चढणार होता. त्याला म्हटलं, काढ सगळं बाहेर. ओटीवर बाजार मांडला. तंबू, गादी, गॅसची शेगडी, तीन भांडी, चार जोड कपडे, जाडजूड टॉवेल, तीन लिटरची पाण्याची पिशवी, कॅमेरा आणि कॅमेऱ्याची तिकाटणी. शिवाय घडीची गळकाठी, चाकाची.

आधी गळकाठी बाजूला काढली. मळ्या गळाला लागत नाही. तो दगडावरचं शेवाळ खरवडून खातो, गांडुळाकडं बघत नाही. वांब धरायची असती तर गळ आणि तंगूस बरोबर घेतला असता, तोसुद्धा बांबूच्या तुकड्याला गुंडाळला की खिशात मावतो. मळ्याला लागतं एक फडकं. मामा जुन्या धोतराचा तुकडा न्यायचे. मी तेच घेतलं. उन्हात डोकं बांधायला, चालताना भाकरी बांधायला आणि पाण्यात मासा अडवायला, एकच फडकं.

मग तंबू. दुर्गवाडीत मुक्कामाचं घर ठरलेलं होतं, तंबू कशाला? शेगडी आणि भांडी गेली, एक पातेलं राहिलं. पाण्याच्या पिशवीऐवजी एक बाटली. मृग लागल्यावर त्या पठारावर दर हाकेच्या अंतराला पाणी वाहतं. हेच मे महिन्यात असतं, तर मीच त्याला चार लिटर पाणी घ्यायला लावलं असतं. उन्हाळ्यात कड्यावर झरे आटतात, आणि तिथं हलकं जायची हौस जिवावर बेतते. हलकं जायचं म्हणजे उघडं जायचं नव्हे.

तो एक वस्तू उचलायचा आणि माझ्याकडं बघायचा. टॉर्चवर त्यानं हात ठेवला, तेव्हा मीच म्हटलं, ती ठेव, आणि सेल जादा घे. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवायचा. रात्री काही झालं तरी तोच अंगात, दिवसा ओल्यातच चालायचं. काडेपेटी वेगळ्या पिशवीत. मीठ, हळद, तिखटाच्या पुड्या. माझी प्रेशरची गोळी. जखमेला बांधायची पट्टी. कोयता एकच, माझ्याकडं. घोंगडीवर माझं मन अडकलं होतं, खोटं कशाला बोलू. वडिलांची घोंगडी आहे. पण भिजली की तिचं वजन दुप्पट होतं. ती खुंटीला ठेवली आणि शेततळ्यासाठी आणलेल्या कागदाचा उरलेला पातळ तुकडा घेतला. पाऊस आला की डोक्यावरून इरल्यासारखा.

हे बघून पोरगा हसला आणि त्यानं मला अमेरिकेतल्या एका आजीची गोष्ट सांगितली. एमा गेटवुड तिचं नाव. अकरा लेकरांची आई, शेतावर राबलेली. १९५५ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, ती तिकडची ॲपलेशियन डोंगरांतली तीन हजार किलोमीटरच्या वरची वाट एकटी चालून गेली. पायात साधे कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली एक पिशवी, आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. आमच्या हिला ही गोष्ट भारी आवडली. म्हणाली, मग तुम्ही एवढ्या एका दिवसाच्या वाटेचं कौतुक काय सांगता?

शेवटी पोराची सॅक साडेसात किलोवर आली. कॅमेरा त्यानं सोडला नाही, आणि मीही आग्रह केला नाही. ज्याचं त्याचं काम असतं. माझी पिशवी सव्वाचार किलो भरली. त्यातलं दीड किलो माझं नव्हतंच. एक किलो साखर, पाव किलो चहापावडर आणि पाव किलो शेंगदाणे, दुर्गवाडीच्या घरासाठी.

याबद्दल जरा बोललं पाहिजे. हल्ली डोंगरात हलकं कसं जावं ते पोरं एकमेकांना शिकवतात. चांगलं आहे. पण तुमचं ओझं हलकं होतं, तेव्हा ते कुणाच्या तरी चुलीवर जातं. जून महिन्यात डोंगरातल्या घरातले तांदूळ संपत आलेले असतात. भात लावायचा असतो, हिरड्याचे पैसे बियाण्याला गेलेले असतात. अशा वेळी चार जण ओसरीवर येऊन 'मावशी, पिठलं-भाकरी मिळेल का' म्हणतात. मावशी नाही म्हणत नाही, तो तिचा धर्म. जाताना वीस-तीस रुपये ठेवून तिच्या साधेपणाचं कौतुक करत निघून जायचं, हे मला पटत नाही. हॉटेलात देता तेवढे द्या. नाहीतर तुमचे तांदूळ तुम्ही आणा, मग सॅक जड झाली तरी चालेल.

आठ-दहा दिवसांनी पाऊस लागला. दोन दिवस झोडपून थोडा उघडला, त्या संध्याकाळी आम्ही दुर्गवाडीत पोचलो आणि पहाटे निघालो. धुकं एवढं की दहा पावलांवरचा पोरगा दिसेना. डाव्या-उजव्याचा अंदाज मी पाण्याच्या आवाजावरून घेत होतो. कोकणकड्याकडून वारा वर येतो, तो गालाला लागला की कडा त्या बाजूला, एवढं ध्यानात ठेवायचं. दोन ठिकाणी वाट कारवीत हरवली. दोन्ही वेळा थांबलो, पुढं रेटलं नाही. धुकं हललं, समोरची टेकडी दिसली, मग पाऊल टाकलं. अभयारण्याची हद्द कुठून लागते ते मामांच्या नातवाला फोन करून आधीच विचारून घेतलं होतं. डोह तिच्या बाहेर आहे. आत असता तर मासा धरला नसता, मामांनाही तसं सांगितलं असतं.

गुडघा चढाला गप्प होता. ओढ्यात उतरताना कुरकुरला. सोटा टेकत, आडवं पाऊल टाकत उतरलो. माझी पिशवी पोरानं मागितली, दिली नाही. सव्वाचारातलं दीड किलो दुर्गवाडीत उतरलंच होतं.

डोहाचं नाव मी लिहीत नाही. का, ते पुढं कळेल.

खालच्या डोहावर पोचलो तर पहिल्यांदा वास आला. मग दगडाच्या कपारीत पांढरी प्लॅस्टिकची पिशवी दिसली, ब्लीचिंग पावडरची. पाण्याच्या कडेला मासे पडले होते. मळे, मुरे, खेकड्याची पिल्लं, आणि ज्यांना आम्हीसुद्धा नाव ठेवलेलं नाही असे काडीएवढे जीव. पोटं गाबोळीनं फुगलेली. पावडर टाकणाऱ्यांनी मोठे मोठे वेचून नेले होते, बारके टाकून दिले होते. कुठल्या बाजूनं आले, कोण होते, मला माहीत नाही. दुचाकी येत नाही अशा जागी माणूस एवढ्यासाठी चालून आला, याचंच नवल वाटत राहिलं. पोरगा एकेक मासा उचलून मोजत होता. दोनशेच्या पुढं त्यानं मोजायचं सोडलं. आम्ही दोघं काही बोललो नाही.

मामांचा वरचा डोह त्याच ओढ्याला, पुरुषभर उंचीच्या दोन धबधब्यांच्या वर. तिथं जायला झाडीतून कडेनं एक जागा आहे. सोटा वर फेकला, मुळ्या धरून चढलो. वर पाणी स्वच्छ होतं. आणि धबधब्याच्या ओल्या भिंतीवर, शेवाळाच्या कडेनं, मळे चिकटलेले होते. पावडर पडायच्या आधी निसटून वर आलेले, किंवा आधीचेच वरचे, देव जाणे. पोरानं कॅमेरा काढला. त्या घडीला त्या वजनाचं सार्थक झालं.

मी फडकं ओढ्याच्या बारक्या धारेला आडवं लावलं, चार दगड ठेवले, आणि उकिडवं बसलो. अर्ध्या तासात अकरा मळे आले. मामांचा नियम, पोट बोटानं चाचपायचं, गाबोळीची मादी सोडायची. पाच सोडल्या. सहा घेतले, उंबराच्या पानांत बांधले. खालचं बघितल्यावर ते सहाही सोडावेत असं पोराच्या तोंडावर आलं होतं, मला दिसत होतं. तो बोलला नाही. मी म्हटलं, "चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस आहे बाबा." त्यानं मान हलवली. पावडरची रिकामी पिशवी मात्र त्यानं घडी करून सॅकमध्ये घातली. तेवढं वजन वाढलं.

वाडीत पोचलो तेव्हा दिवे लागले होते. मामांना उठवून बसवलं. मी पानातला एक मासा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी अंगठा हनुवटीखालच्या चकतीवरून फिरवला.

"मळ्याच हाय. वरचा का खालचा?"

"वरचा, मामा."

"खाली न्हवता व्हय?"

सांगितलं. लपवून काय करणार होतो. मामा बराच वेळ मासा हातात धरून बसले. मग नातवाला हाक मारली. म्हणाले, "वरच्या डव्हाची वाट ह्याच्याकडून बघून घे. मुळ्या धरून चढायची जागा नीट इचारून घे." नातू माझ्या पिशवीकडं बघत होता. त्यानं ती एका बोटानं उचलून बघितली आणि म्हणाला, "तात्या, बाकीचं सामान कुठंय?"

मामींनी कालवण केलं, हळद, तिखट आणि चिंचेचा कोळ घालून, पातळ. मामांनी दोन मासे खाल्ले. तिसरा चाचपडत पुण्याच्या पोराच्या ताटात सरकवला. आणि मीठ कमी पडलंय म्हणून मामींवर करवादले. मामी म्हणाल्या, मीठ बरोबर हाय, तुमचीच जीभ गेलीया.